मीठ तेवढंच, पण आयोडीनचं

श्रोतेहो, नमस्कार. घरात सुनेला दिवस गेले की खाण्यापिण्याची काळजी सुरू होते. हल्ली त्यात मिठाचीही भर पडली आहे. "पाकिटातलं नको गं, सैंधव वापर, ते नैसर्गिक." कोकणात मिठागरातलं खडे मीठ घरी येतं. ते तर समुद्राचं, मग त्यात आयोडीन असणारच, असं आपल्याला वाटतं. पण तसं नाही. मासळीत आयोडीन असतं. पाणी उन्हात आटवून काढलेल्या मिठात ते जवळजवळ उरत नाही. सैंधवातही अगदी नावापुरतंच.

मला काळजी वाटते ती पहिल्या तीन महिन्यांची. तेव्हा बाळाची थायरॉईड ग्रंथी कामाला लागलेली नसते. त्याचा मेंदू मात्र घडू लागलेला असतो, आणि त्याला लागणारं थायरॉईडचं संप्रेरक आईकडूनच येतं. ते तयार व्हायला आयोडीन हवं. एरवी बाईला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम पुरतं. गरोदरपणी आणि अंगावर पाजताना जागतिक आरोग्य संघटना 250 सांगते. पाळी चुकल्याचं कळेपर्यंत यातले काही आठवडे गेलेले असतात. म्हणून लग्न झालेल्या घरात बरणीत आधीपासूनच आयोडीन घातलेलं मीठ हवं. बाळंतपणानंतरही तेच, कारण तान्ह्याला आयोडीन मिळतं ते दुधातूनच.

हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात घरोघरी गलगंड, म्हणजे आयोडीन कमी पडून गळ्यावर येणारी सूज, दिसायचे. तिथे 1956 पासून वैद्यकीय संशोधक डॉ. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी काही भागांत आयोडीनचं मीठ दिलं, तिथले गलगंड ओसरले. त्यातूनच 1962 मध्ये गलगंड रोखण्याचा देशाचा कार्यक्रम उभा राहिला.

आता बरणीकडे या. ती शेगडीला चिकटून, झाकण अर्धवट, आत ओला चमचा, अशी असेल तर आयोडीन हळूहळू उडून जातं. घट्ट झाकणाच्या कोरड्या बरणीत, उष्णतेपासून दूर ठेवा. भाजी शिजत आली की मीठ घाला.

मीठ वाढवा, असं मी मुळीच म्हणत नाही. रक्तदाब असेल तर डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच, पण आयोडीनचं. दूध, अंडी, मासळी यांतूनही भर पडते. आयोडीनच्या किंवा समुद्री शेवाळाच्या गोळ्या मनानं घेऊ नका, जास्त झालं तरी बाधतं. आणि थायरॉईडची गोळी आधीपासून चालू असलेल्या बायांनो, दिवस राहिले म्हणून ती बंद करू नका; त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा, बहुधा मात्रा वाढवावी लागते.