लेसर वेल्डिंग: एस.एस., जी.आय., ॲल्युमिनियमला स्पीड किती ठेवायचा?

नमस्कार मंडळी. बेळगाव, उद्यमबाग. शेजारच्या शेडचा कॉम्प्रेसर चालू आहे, मधेमधे आवाज येईल, सांभाळून घ्या.

मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न सारखा येतोय. "दादा, एस.एस.ला, म्हणजे स्टेनलेस स्टीलला, स्पीड किती ठेवू?" निपाणीहून तोच, इचलकरंजीहून तोच. संकेश्वरच्या एका मिस्त्रींनी तर स्क्रीनचा फोटोच पाठवलाय. त्यात स्पीड 300 दिसतोय आणि खाली विचारलंय, ॲल्युमिनियमला हा 500 करू काय? म्हणून आज दुसरं काही नाही, फक्त स्पीड.

बेसिक भरभर सांगतो, बहुतेकांना माहीत असणार. जोडाला किती उष्णता मिळाली हे वॅट आणि स्पीड या दोघांवर ठरतं. 1500 वॅटची मशीन आहे आणि तुम्ही सेकंदाला 20 मिलिमीटर पुढं चाललाय, तर भागाकार करा, एका मिलिमीटरला 75 ज्यूल. तोच हात 10 वर आणला की 150 ज्यूल. डबल. पातळ पत्र्याला भोक पडायचं की आत नीट पोचायचं, ते सगळं या भागाकारात आहे. गॅस, फोकस, नोझल यावर आधीच व्हिडिओ आहेत, ते बघा.

आता खरी गोष्ट. स्क्रीनवर जो 300 दिसतोय ना, तो तुमच्या वेल्डिंगचा स्पीड नाही. तो स्कॅनचा स्पीड आहे. गनच्या आत एक छोटा आरसा हलत असतो, तो लेसरचा ठिपका डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवतो. तो किती जोरात फिरवायचा, तेवढं तो आकडा सांगतो. जॉबवर गन किती वेगानं पुढं सरकतेय हे त्या मशीनला कळतच नाही. गन तुमच्या हातात आहे.

हेच जरा हिशेबात घालून बघू, कारण कॉमेंटमध्ये वाद घालणारे पुष्कळ आहेत. स्कॅन सेकंदाला 300 मिलिमीटर, ठिपका फिरतो ती रुंदी 3 मिलिमीटर. एक फेरा म्हणजे जाऊन येऊन 6 मिलिमीटर. म्हणजे सेकंदाला 50 फेरे. हात 20 नं चाललाय, तर दर फेऱ्याला गन 0.4 मिलिमीटर पुढं गेली. आता स्क्रीनवर 600 करा. फेरे 100 झाले, रेघा जवळजवळ आल्या, वेल्डची लाइन वरून जरा गुळगुळीत दिसेल. पण एका मिलिमीटरला ज्यूल किती? तेच 75! वॅट तेच, हात तोच, मग उष्णता कुठून बदलणार ओ? रुंदी वाढवली तर मात्र तीच उष्णता जास्त जागेत पसरते, आत कमी जाते, आणि मग हात हळू करावा लागतो. हे लक्षात ठेवा.

एवढं सांगून पण कोणीतरी लिहिणारच, "ते ठीक आहे, पण एक चार्ट टाका की." मशीनबरोबर चार्ट येतो, तो मी नाकारत नाही. वॅट, रुंदी, गॅस यासाठी तो कामाचा आहे, तिथूनच सुरुवात करा. पण त्यात प्रवासाचा स्पीड दिला असेल, तर तो तुमच्या हातानं खरोखर पाळलाय का, हे कोण बघणार? म्हणून हे करा.

(कॅमेरा टेबलाकडे)

ही 16 गेज एस.एस.ची भंगारातली पट्टी, साधारण 1.6 मिलिमीटर. मार्करनं दोन खुणा केल्या, मधे बरोबर 100 मिलिमीटर. समोर मोबाइल स्टँडवर लावला, व्हिडिओ चालू. आता एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत नेहमीसारखी लाइन मारायची, मुद्दाम सावकाश नाही, मुद्दाम जोरात नाही. नंतर व्हिडिओत सेकंद मोजायचे. 5 सेकंद लागले तर स्पीड 20. 10 लागले तर 10. झालं. मग पट्टी उलटी करा आणि मागची बाजू बघा. बारीक, सलग लाइन मागं उमटली असेल तर पेनिट्रेशन मिळालं, म्हणजे वेल्ड आरपार पोचलं. काहीच नसेल तर हात जोरात गेलाय. मागं काळे खरखरीत दाणे असतील तर हात रेंगाळलाय किंवा मागं गॅस नाही. आमच्याकडे नवीन पोराला गन देण्याआधी हेच करून घेतो. पोरगा कानडी बोलतो, मी मराठी, स्क्रीन इंग्रजी, पण पट्टीची मागची बाजू सगळ्यांना वाचता येते. मला प्रश्न विचारताना धातू, जाडी, वॅट, गॅस आणि 100 मिलिमीटरला लागलेले सेकंद, एवढं लिहा. मग मी नक्की काहीतरी सांगू शकतो.

आणि वायर फीडर लावला असेल तर आणखी एक. वायर पुढं ढकलली जाते तशी ती गनला मागं रेटते, आणि हात त्या रेट्याबरोबर सरकतो. म्हणजे तिथं तुमचा खरा स्पीड फीडर ठरवतो. हळू जायचंय तर फीड कमी करा. फीड तसाच ठेवून नुसता हात अडवून धरला की वायर न वितळता जॉबला चिकटते, मग गन हिसडायची आणि नोझल खराब करायचा. स्कॅनच्या आकड्याशी खेळून हे सुटत नाही. आता तिसऱ्यांदा सांगतोय, आणि परत सांगीन.

आता धातू. उष्णता कोण किती लवकर पसरवतो, त्याचे आकडे बघा, वॅट प्रति मीटर-केल्विनमध्ये: 304 ग्रेडचं एस.एस. 16 च्या आसपास, एम.एस. म्हणजे माइल्ड स्टील, आपलं साधं लोखंड, 50 च्या आसपास, 6061 ग्रेडचं ॲल्युमिनियम 167. एवढा फरक.

एस.एस.मध्ये उष्णता पळत नाही, जोडाजवळच साठते. म्हणून एस.एस.ला हात चालता पाहिजे. चंदगड बाजूच्या एका काजू कारखान्याचे ट्रे आमच्याकडे दुरुस्तीला आले होते, दुसरीकडे वेल्ड केलेले. कोपऱ्यांवर निळे-काळे पट्टे, तळ फुगून वर आलेला, टेबलावर ठेवला की डुगडुगायचा. आणि त्या काळ्या पट्ट्यातच गंज धरलेला. मालक म्हणाले, पत्राच डुप्लिकेट दिला वाटतं. पत्रा चांगला होता ओ. कोपऱ्यावर हात थांबला होता, एवढंच. रंग बघायला शिका. चंदेरी किंवा फिकट पिवळसर म्हणजे ठीक. निळा म्हणजे उष्णता जास्त किंवा गॅस कमी. करडा-काळा म्हणजे वरचा क्रोमियमचा थर बिघडला, तो पिकलिंग करून, म्हणजे ॲसिडनं साफ करून, किंवा घासून काढल्याशिवाय खाण्याच्या भांड्याला चालत नाही. नुसतं बफिंग करून चमकवून देऊ नका. लोकांच्या पोटात जाणारा माल आहे तो.

एम.एस. सोपा आहे. गंज आणि मिलस्केल, म्हणजे पत्र्यावरची काळी खपली, काढा, हात थोडा सैल चालला तरी सांभाळून घेतो.

जी.आय. म्हणजे जस्ताचा थर दिलेला लोखंडी पत्रा, तिथं भांडण जस्ताचं. जस्त 907 डिग्रीला उकळतं आणि लोखंड वितळायला 1500 च्या आसपास लागतात. म्हणजे लोखंड पातळ व्हायच्या आधीच जस्ताची वाफ झालेली असते. हात फार जोरात असला की ती वाफ बाहेर पडायच्या आत धातू गोठतो आणि लाइनभर बारीक भोकं राहतात. म्हणून एम.एस.पेक्षा थोडं हळू. पण त्याहून चांगलं म्हणजे जोडाजवळचा थर ग्राइंडरनं काढून टाका. पत्र्यावर पत्रा ठेवून मारणार असाल तर मधे 0.1 ते 0.2 मिलिमीटर फट ठेवा, वाफेला वाट मिळते. आणि शेडमध्ये धूर ओढणारा फॅन पाहिजेच. त्या धुरानं संध्याकाळी थंडी-ताप भरतो, पोरं म्हणतात हवा बदलली. हवा नाही, जस्त आहे ते. गूळ खाऊन भागवू नका.

ॲल्युमिनियम. संकेश्वरच्या मिस्त्रींनी विचारलेलं हेच. बऱ्याच जणांचा हिशेब असा, की ते 660 डिग्रीला वितळतं, मग पॉवर कमी आणि हात जोरात. निम्मंच खरं आहे. चकचकीत ॲल्युमिनियम सुरुवातीला बहुतेक उजेड परत फेकतं, घेतलेली उष्णता लगेच चारी बाजूंना पसरवतं, आणि वरचा ऑक्साइडचा थर 2000 डिग्रीच्या पुढं वितळतो. म्हणून पॉवर जास्त लागते. पण एकदा जॉब तापला की उष्णतेला जायला जागा उरत नाही आणि लाइनच्या शेवटी धातू अचानक ढासळतो. तेव्हा सुरुवातीला क्षणभर थांबा, वितळलेल्या धातूचं तळं तयार होऊ दे, मग हात चालू करा आणि जॉब तापत जाईल तसा वाढवत न्या. सुरुवातीचा आणि शेवटचा स्पीड एक नसतो. शेवटी एकदम गन उचलू नका, खड्डा पडतो आणि तिथूनच चिर जाते. 6061 असेल तर 4043 किंवा 5356 ची वायर घालाच, नाहीतर कुठल्याही स्पीडला चिरेल. गॅस आर्गॉनच.

ॲल्युमिनियमवरून उजेड परत येतो म्हणालो, तो 1,070-1,080 नॅनोमीटरचा, डोळ्यांना दिसत नाही आणि थेट डोळ्याच्या आतल्या पडद्यावर जातो. आर्क वेल्डिंगची काळी काच त्यासाठी बनवलेली नाही. त्या तरंगलांबीचा लेसर गॉगल पाहिजे, तुम्हाला आणि शेजारी उभ्या असलेल्या हेल्परला सुद्धा. व्हिडिओ काढताना उघड्या डोळ्यांनी उभे राहणारे कॉमेंटमध्ये मला व्हिडिओ पाठवतात, जीव वर-खाली होतो बघून.

आता आपल्या बेळगावचा लाडका प्रश्न, बिडाचं कास्टिंग. एवढ्या फाउंड्र्या आहेत, विचारणारच. "अण्णा, हळू मारलं तर बीड जोडेल काय?" नाही. बिडात कार्बन 2 टक्क्यांच्या वर असतो, लेसरची लाइन झटकन थंड होते आणि जोडाच्या कडेचा भाग कडक, ठिसूळ होतो. मारताना छान दिसतं, थंड होताना टण्ण आवाज येतो. हात हळू करून हे टळत नाही, पूर्ण जॉब आधी तापवून, निकेलची वायर वापरून, सावकाश थंड करावा लागतो. पंपाची बॉडी असेल तर जुन्या कास्टिंग वेल्डरकडे द्या. त्यांच्या हातात जे आहे ते या गनमध्ये नाही.

शेवटचं. काल जमलेला स्पीड आज जमत नसेल तर हाताला दोष देण्याआधी प्रोटेक्शन लेन्स काढून उजेडात धरा. एक काळा ठिपका असला तरी जॉबपर्यंत पॉवर कमी पोचते. आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस कसा असतो माहीत आहे. चिलर, म्हणजे मशीनला थंड पाणी देणारा डबा, फार थंड ठेवला की आतल्या काचेवर दव धरतं, म्हणून पावसाळ्यात चिलरचं तापमान मशीनच्या पुस्तकात दिलंय त्याच्या वरच्या बाजूला ठेवा.

तांबं आणि पितळ पुढच्या व्हिडिओत. तांबं उष्णता पसरवण्यात ॲल्युमिनियमच्याही पुढं, 400 च्या आसपास, आणि उजेडही जास्त परत फेकतं. तोपर्यंत बसबारवर, म्हणजे पॅनेलमधल्या तांब्याच्या पट्टीवर, गन धरू नका.