पोराचे पाय आणि चाकाच्या तारा

नमस्कार मंडळी. आज सायकलवर बोलायचंय, म्हणजे खरं तर सायकलच्या मागे बसवलेल्या पोराबद्दल, आणि त्यातही त्याच्या पायांबद्दल.

माझा भाचा तेव्हा 4 वर्षांचा. आमच्या गोव्यात म्हार्दोळहून मंगेशीला जायचं होतं, अंतर ते किती, म्हणून कॅरियरवर टॉवेलची घडी टाकली, त्याला बसवलं आणि म्हटलं मामाला घट्ट धर. धरलंही त्याने. पण वाटेत काहीतरी बघायला तो वळला आणि टाच गेली चाकात. सायकल गचकन थांबली आणि मग त्याची किंकाळी. सँडलचा पट्टा तारांत गुंडाळलेला, टाचेची कातडी सोलून लोंबत होती. हाड वाचलं, पण कित्येक दिवस पोर पाय टेकत नव्हतं, आणि ताई मला एक शब्द बोलली नाही, तेच जास्त लागलं.

तेव्हापासून सगळ्यांना सांगत सुटलोय, लोंबकळत्या पायांनी पोराला नेऊ नका. चाक फिरत असतं, टाच तारा आणि फ्रेमच्या मध्ये सापडते आणि तिथे चिरडते. घट्ट धर सांगून उपयोग नाही, हात धरतात, पाय कुठायत ते पोराला कळतच नाही. लहान मुलांची खास सीट मिळते, पट्टा असलेली, पाय ठेवायला दोन्ही बाजूंनी आडोसा असलेली, ती घ्या आणि पायांचे पट्टे पण बांधा, नुसता कमरेचा नाही. शिवाय चाकाला जाळी किंवा साडीगार्ड लावून घ्या. ओढणी, रेनकोटचं टोक, तेही तारांतच जातं.

वर्षाच्या आतलं बाळ तर सायकलवर नकोच, मान धरली तरी हेल्मेटचं वजन आणि खड्ड्यांचे दणके त्या मानेला झेपत नाहीत. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं, कपाळ उघडं टाकून मागे सरकवलेलं नको. मागच्या सीटा साधारण 22 किलोपर्यंतच्या असतात, तरी आपल्या सीटवर काय लिहिलंय आणि कॅरियर किती पेलतो ते बघा.

आपला पोदेर, म्हणजे सायकलवरून पाव विकणारा, बघा ना, पाठीमागे केवढी टोपली, पण तो पाव काय हलत नाही, पोर हलतं. म्हणून आधी 10 किलो तांदळाची पिशवी सीटवर बांधून एक फेरी मारून बघा, ब्रेक लावून, वळून. लगेच कळतं की सायकल मागे ओढते आणि थांबायला वेळ लागतो. आणि स्टँडवर सायकल लावून पोराला वर बसवून ठेवून दुकानात वळू नका, एका मिनिटाचं काम असलं तरी. डुलकी लागली की थांबा, मान लटकते.

राहता राहिली फेरीबोट. दिवाडी, चोडण या बेटांवर जाताना रॅम्प ओला असतो, पावसात तर शेवाळ. तिथे सायकलवरून उतरा आणि पोराला आधी कडेवर घ्या. एका हाताने सायकल आवरत नसेल तर शेजारच्याला धरायला सांगा, फेरीवर नाही कोणी म्हणत नाही.