शून्य म्हणजे सगळं ठीक

(नाशिकमध्ये संगणकाचे विद्यार्थी आणि बाजार समित्यांशी संबंधित कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पुढे कॉलेजची मुलं बसली आहेत, मागे आडत्यांच्या आणि बाजाराच्या ऑफिसांतून आलेली माणसं. मुलांना प्रोग्राम लिहिता येतो. मागच्यांना रोज तेच आकडे या फाइलमधून त्या फाइलमध्ये उतरवायचा कंटाळा आलाय. या दोघांच्या मधल्या जागेबद्दल मला बोलायचंय. आपल्याकडे भाषा शिकवतात. लूप, क्लास, इनहेरिटन्स, अगदी व्हायवात विचारतील इथपर्यंत. पण लिहिलेला प्रोग्राम चालवायचा कसा, हे कुणी शिकवत नाही. एडिटरमध्ये हिरवा त्रिकोण असतो, तो दाबला की झालं. माझं म्हणणं असं, की तो त्रिकोण दाबायला कुणीही समोर नसताना जी नीट चालते, तीच स्क्रिप्ट, म्हणजे तोच छोटा प्रोग्राम, कामाची.

उदाहरण एकच घेऊ. लासलगाव, पिंपळगाव बसवंत, येवला, मनमाड इथले कांद्याचे रोजचे भाव एका सीएसव्ही फाइलमध्ये, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या फाइलमध्ये, आहेत. रकाने तुम्हाला पाठ आहेत: तारीख, बाजार, आवक, किमान, कमाल, सर्वसाधारण. आपल्याला आठवड्याची सरासरी काढायची आहे. (ती आवकेच्या प्रमाणात काढा. दोनशे क्विंटलचा भाव आणि वीस हजार क्विंटलचा भाव सारखाच धरला, तर येणारा आकडा कुणाच्याच कामाचा नसतो. पण तो विषय वेगळा.)

टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडायचं आणि लिहायचं: पायथन-३, मोकळी जागा, भाव डॉट पीवाय (ही आपली पायथन भाषेतली स्क्रिप्ट), मोकळी जागा, फाइलचं नाव. मग एंटर. आता पडद्यामागे काय होतं? शेल, म्हणजे टाइप केलेली आज्ञा वाचणारा प्रोग्राम, ही ओळ मोकळ्या जागांवर तोडतं. पहिला शब्द म्हणजे चालवायचा प्रोग्राम. तो शोधायला ‘पाथ’ नावाची फोल्डरांची यादी असते. शेल ती क्रमाने चाळतं आणि जिथे पहिल्यांदा सापडेल तिथे थांबतं. मशीनवर दोन पायथन असतील तर लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या कुणी लिहिलेला तयार कोड, एकात टाकलेली असते आणि स्क्रिप्ट दुसऱ्यावर चालते. मग ‘मी तर इन्स्टॉल केलं होतं!’ हे वाक्य ऐकू येतं. लिनक्सवर ‘विच’ आणि विंडोजवर ‘व्हेअर’ ही आज्ञा देऊन आधी बघा, नेमका कोणता पायथन उठतोय. लायब्ररी टाकतानाही नुसतं पिप (लायब्ररी टाकणारी आज्ञा) न म्हणता ‘पायथन-३ डॅश एम पिप’ म्हणा, म्हणजे ज्या पायथनने स्क्रिप्ट चालवणार त्यालाच ती मिळते.

पुढचे शब्द रनटाइम, म्हणजे स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम, यादी करून स्क्रिप्टच्या हातात देतो. पायथनमध्ये त्या यादीत शून्याव्या जागी स्क्रिप्टचं नाव असतं आणि पहिल्या जागेपासून तुमचे शब्द. नोडमध्ये, म्हणजे जावास्क्रिप्टच्या रनटाइममध्ये, शून्यावर नोड स्वतः, एकावर स्क्रिप्ट, आणि तुमचे शब्द दोनपासून. एवढा फरक लक्षात ठेवला की पुरे. फाइलच्या नावातच मोकळी जागा असेल, ‘कांदा भाव जून’ असं, तर ते अवतरणात घाला, नाहीतर शेल त्याचे तीन शब्द करेल. आणि कृपा करून स्क्रिप्टच्या पोटात स्वतःच्या डेस्कटॉपचा पत्ता लिहून ठेवू नका. उद्या ती दुसऱ्या कुणाच्या मशीनवर जाणार आहे.

लिनक्सवर स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत # आणि ! ही जोडी, तिच्यापुढे रनटाइमचा पत्ता आणि फाइलला चालवण्याची परवानगी एवढं दिलं, की स्क्रिप्ट थेट नावाने चालते. ती पहिली दोन अक्षरं शेल नाही, कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, वाचतो. बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी १९८० च्या जानेवारीत ही सोय केली आणि ती अजून जशीच्या तशी चालते. इथे एक गंमत होते. स्क्रिप्ट विंडोजवर लिहून सर्व्हरवर टाकली, तर ओळीच्या शेवटी विंडोजने घातलेलं एक न दिसणारं अक्षरही पत्त्याचा भाग समजलं जातं. ‘अशी फाइल नाही’ असं उत्तर येतं. फाइल डोळ्यांसमोर दिसत असते आणि यंत्र नाही म्हणत असतं! एडिटरमध्ये ओळीचा शेवट सीआरएलएफवरून (विंडोजची पद्धत) एलएफ (लिनक्सची पद्धत) करा, की सुटलं.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. चालू झालेल्या प्रत्येक प्रोग्रामला तीन वाटा मिळतात. शून्य क्रमांकाची आत येणारी, एक क्रमांकाची उत्तराची, दोन क्रमांकाची तक्रारीची. पडद्यावर शेवटच्या दोन्ही एकत्रच दिसतात, म्हणून त्या वेगळ्या आहेत हे जाणवत नाही. पण > हे चिन्ह लावून उत्तर फाइलमध्ये वळवलं, की फक्त एक क्रमांकाची वाट फाइलमध्ये जाते. तुम्ही ‘फाइल वाचतोय...’, ‘तेरावी ओळ सोडली’ हेसुद्धा साध्या प्रिंटने छापलंत, तर ते सरासरीच्या आकड्यांत जाऊन बसतं. मुनीम खतावणीत ‘आज पेन सापडत नव्हतं’ असं लिहितो का? तक्रार दोन क्रमांकावर पाठवा.

आणि > वापरताना एक जपा. शेल उत्तराची फाइल आधी रिकामी करतं आणि मग प्रोग्राम सुरू करतं. वाचायची फाइल आणि लिहायची फाइल एकच दिलीत, तर स्क्रिप्टला वाचायला काही उरतच नाही. महिन्याभराचे भाव एका एंटरमध्ये जातात.

काम संपलं की प्रोग्राम जाता जाता एक आकडा ठेवून जातो. शून्य म्हणजे सगळं ठीक, बाकी काहीही म्हणजे बिघाड. परीक्षेत शून्य मिळालं की घरी काय होतं ते तुम्हाला माहीत आहे, इथे उलट. (हशा) ठीक असण्याचा प्रकार एकच असतो, बिघडण्याचे अनेक. म्हणून १२७ म्हणजे तशी आज्ञाच सापडली नाही, १२६ म्हणजे सापडली पण चालवता येत नाही, १३० म्हणजे कुणीतरी कंट्रोल-सी दाबलं. हा आकडा माणसासाठी नसतो, पुढच्या प्रोग्रामसाठी असतो. ‘सरासरी काढ आणि जमलं तरच सगळ्यांना मेल पाठव’ हे दोन अँपरसँडच्या, म्हणजे ‘आणि’च्या चिन्हांच्या, जोडीने लिहिता येतं, पण ते ‘जमलं तरच’ पूर्णपणे या आकड्यावर अवलंबून असतं.

आणि इथेच आपले प्रोग्राम खोटं बोलतात. सगळा कोड एका ‘ट्राय’मध्ये घालायचा आणि ‘एक्सेप्ट’खाली ‘पास’ लिहायचं, म्हणजे चूक झाली तरी काहीच करायचं नाही, ही सवय मला मुलांच्या कोडमध्ये सतत दिसते. लाल अक्षरं दिसत नाहीत म्हणून बरं वाटतं. पण स्क्रिप्ट शून्य ठेवून जाते आणि रिकामी सरासरी सगळ्यांना मेलने जाते. काही केलं नसतं, तर पायथनने स्वतःहून एक हा आकडा ठेवला असता! नोडमध्येही हा घोळ होता. प्रॉमिस, म्हणजे ‘उत्तर नंतर देतो’ असं सांगून गेलेलं काम, मोडलं आणि ते कुणी हाताळलं नाही, तरी जुना नोड नुसती सूचना छापून शून्यावर बाहेर पडायचा. १५ व्या आवृत्तीपासून तो अशा वेळी बंद पडतो. मला विचाराल तर तेच योग्य. काही जण अतिहुशारी करून चुकलेल्या ओळींची संख्याच हा आकडा म्हणून परत करतात. लिनक्सवर त्याला आठच बिट मिळतात, म्हणजे २५५ च्या पुढे मोजणी पुन्हा शून्यापासून, त्यामुळे बरोबर २५६ ओळी चुकल्या तर उत्तर येतं शून्य.

आता आपल्या फाइलमधल्या आकड्यांकडे या. ते मराठीत टाइप केलेले असतात, आणि का नसावेत? पायथनच्या ‘इंट’ला, म्हणजे मजकुराचा आकडा करणाऱ्या सोयीला, तुम्ही ‘१२००’ दिलं तर तो ते बिनतक्रार समजतो. ‘१,२००’ दिलं तर स्वल्पविरामावर अडतो, चूक दाखवतो आणि एक हा आकडा ठेवून थांबतो. जावास्क्रिप्टच्या ‘नंबर’ला मात्र साधं ‘१२००’ही कळत नाही. तो ‘नॅन’ देतो, म्हणजे ‘हा आकडाच नाही’. त्यात काहीही मिळवलं तरी नॅनच येतं. एका बाजाराची एक ओळ मराठी आकड्यांत असली, की पूर्ण आठवड्याची सरासरी नॅन, आणि प्रोग्राम शून्य म्हणून निघून जातो. म्हणून नोड वापरणार असाल तर आकडे आधी बदलून घ्या आणि हिशेबानंतर नॅन आलाय का ते स्वतः तपासा. आला असेल तर शून्य ठेवू नका.

एक्सेलमधून ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ म्हणून साठवलेल्या फाइलच्या सुरुवातीला एक अदृश्य खूण असते. त्यामुळे पहिला रकाना ‘तारीख’ दिसतो, पण पायथनला ‘तारीख’ सापडत नाही. फाइल उघडताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, ‘यूटीएफ-८-सिग’ द्या. एन्कोडिंग न सांगता मराठी फाइल उघडणं, विशेषतः विंडोजवर, म्हणजे नशिबावर सोडणं.

रोज आपोआप चालवायला लिनक्सवर क्रॉन आहे. मिनिट, तास, तारीख, महिना, वार असे पाच रकाने आणि पुढे आज्ञा. क्रॉनला तुमचा पाथ माहीत नसतो, त्याची यादी फारच तोकडी असते. म्हणून पायथनचा आणि फाइलचा पूर्ण पत्ता द्या. आणि सर्व्हरचं घड्याळ बघा. ते जागतिक वेळेवर असेल, तर तुम्ही लिहिलेले सकाळचे सहा नाशिकमध्ये साडेअकराला वाजतील.

(श्रोत्यांमधून प्रश्न: आमच्या ऑफिसात विंडोजच आहे. तिथे काय करायचं?)

टास्क शेड्युलर वापरा. प्रोग्रामच्या चौकटीत पायथनचा पूर्ण पत्ता आणि आर्ग्युमेंटच्या चौकटीत स्क्रिप्ट आणि फाइल. खाली ‘स्टार्ट इन’ अशी एक चौकट असते, शेजारी ‘ऐच्छिक’ लिहिलेलं असतं म्हणून सगळे ती मोकळी सोडतात. मग स्क्रिप्ट विंडोजच्या स्वतःच्या सिस्टम-३२ फोल्डरमध्ये उभी राहून तुमची भावाची फाइल शोधते. तिथे आपल्या फोल्डरचा पत्ता भरा. यादीत ‘लास्ट रन रिझल्ट’ नावाचा रकाना दिसेल. सकाळी आल्यावर मेल उघडण्याआधी तो बघा. तिथे शून्याच्या जागी एक दिसला, तर त्या दिवशीची सरासरी कुणाला पाठवू नका. आधी तक्रार काय आहे ते शोधा.