समोरून राजवाडा, मागून तीस घरं

श्रोतेहो, नमस्कार. टेरेस म्हटलं की आपल्याला गच्ची आठवते, गच्चीवरचे पापड आठवतात. इंग्लंडात मात्र टेरेस म्हणजे भिंतीला भिंत लावून उभी असलेली घरांची रांग. आज अशाच एका रांगेपुढे जाऊ, आणि मग तिच्या मागच्या बाजूलाही.

गाव बाथ, गरम पाण्याच्या झऱ्यांचं. 18व्या शतकात बडी मंडळी हंगामात इथे यायची: औषध म्हणून झऱ्याचं पाणी प्यायला, नाचायला, पोरींची लग्नं जमवायला. घर भाड्याचं चालेल, पण थाट महालाचा हवा! जॉन वुड धाकटा (बापाचं नावही जॉन वुडच) या वास्तुरचनाकाराने 1767 साली त्यांच्यासाठी ‘रॉयल क्रेसेंट’ बांधायला घेतलं. चंद्रकोरीसारखी वळलेली 30 घरं, साधारण दीडशे मीटर लांब, सगळी मधाच्या रंगाच्या दगडातली. तळमजला मुद्दाम साधा. त्याच्यावर 114 खांब, आणि प्रत्येक खांब दोन मजले एका दमात चढणारा. सगळी किमया या खांबांत आहे. ते मजल्यागणिक तुटले असते, तर आपण घरं मोजत बसलो असतो. आता एकच वाडा दिसतो.

समोरच्या हिरवळीतही अशीच चलाखी आहे. मधे कुंपण नाही, खोल चर खणलेला आहे. खालची गुरं वर येत नाहीत, आणि दिवाणखान्यातून पाहणाऱ्याला चर दिसतच नाही.

आता मागे चला. इथे एक भिंत पुढे आलेली, दुसरी आत गेलेली. छपरांची उंची वेगळी, खिडक्यांचा मेळ नाही. कारण वुडने आखून दिला तो दर्शनी भाग. घेणाऱ्याने त्यातला आपला तुकडा घ्यायचा आणि त्यामागे स्वतःचा माणूस लावून हवं तसं घर बांधायचं. मला विचाराल, तर पाहण्यासारखी बाजू हीच. माणसं राहतात ती इथे.

पुढची शिस्त मात्र कडक. 1970च्या दशकात 22 नंबरच्या मालकीणबाईंनी आपलं दार पिवळं रंगवलं. बाकीची दारं पांढरी. नगरपालिकेने हरकत घेतली, वाद वरपर्यंत गेला, आणि बाई जिंकल्या. दार पिवळंच राहिलं.