सड्यावर उभी राहिलेली लिफ्ट

ही जी पिवळी लिफ्ट बघताय ना, कात्रीसारखी उघडत माणसांना वर नेते ती, हिला आमच्याकडे सगळे सिझर लिफ्टच म्हणतात, आणि ही उभी आहे रत्नागिरीच्या बाहेर कातळसड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, जिथे सकाळी नऊलाच जांभा तापायला लागतो आणि आसपास एकही लाइटचा खांब नाही. नवीन शेड उभी राहतेय, पत्रे चढवायचे आहेत, मीटर अजून यायचंय. मग लिफ्ट चार्ज कशी करायची? आमचं आताचं उत्तर सोलर पॅनल, त्याचीच ही गोष्ट.

त्याआधीचं उत्तर म्हणजे जनरेटर. पंधरा केव्हीएचा जनरेटर टेम्पोत घालून आणायचा आणि रात्रभर धडधडत ठेवायचा, कशासाठी तर एक किलोवॅटसुद्धा न खाणाऱ्या चार्जरसाठी. डिझेलचा खर्च तर आहेच, पण मला त्याहून जास्त लागायचं ते आवाजाचं, वॉचमन काकांना रात्रभर झोप नाही. आणि जनरेटर नसेल तेव्हा लिफ्ट तशीच अर्धवट बॅटरीवर उभी राहायची, आठवडा, दोन आठवडे.

खरी गडबड तिथेच आहे. या लिफ्टच्या पोटात सहा सहा व्होल्टच्या चार बॅटऱ्या आहेत, सिरीजमध्ये जोडून चोवीस व्होल्ट, क्षमता २२५ अँपिअर-अवर, म्हणजे कागदावर साडेपाच युनिटच्या आसपास वीज. साध्या शिसे-आम्लाच्या, पाणी घालायच्या बॅटऱ्या. अशी बॅटरी रोज वापरून रोज पूर्ण चार्ज केली तर वर्षानुवर्षं साथ देते, पण अर्धी उतरलेली ठेवून दिली की प्लेटवर सल्फेट जमतं, सुरुवातीला ते मऊ असतं आणि चार्ज केल्यावर विरघळतं, पण दिवस गेले की त्याचे कडक खडे होतात आणि मग कितीही चार्जिंग करा, ते जात नाही. आम्ही एक पूर्ण सेट असाच घालवला. त्या वेळी हायड्रोमीटर, म्हणजे आम्लाची घनता मोजायची नळी, घालून बघितलं तर एका सेलमध्ये ११८०, दुसऱ्यात ११५०, पूर्ण चार्ज बॅटरीत हे १२६०-१२८० असायला पाहिजे. चारही बॅटऱ्या भंगारात गेल्या.

सोलरचा विचार डोक्यात आला तो मात्र आधीच, निसर्ग वादळानंतर. ३ जून २०२०. दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडे घराघरांवरचे पत्रे, कौलं उडालेली, आणि कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे लाइट नव्हती. पत्रे बसवायला लिफ्ट हवी आणि लिफ्टला वीज हवी, आणि डोक्यावर, पाऊस उघडला की, ऊन नुसतं सांडत होतं. तेव्हा काही करता आलं नाही, पण ते मनात राहिलं.

आता हिशेब सरळ सांगतो, कारण लोक विचारतात की लिफ्ट उन्हावर चालते का. नाही चालत. दोन पॅनल, शंभर शंभर वॅटचे, चांगल्या उन्हात दिवसाला अर्धा ते पाऊण युनिट देतात, साडेपाचातले तेवढेच. दिवसभर दणकून काम असेल तर तेवढ्याने भागत नाही, रात्री चार्जर लावावाच लागतो. पण लिफ्ट दिवसातून चार-पाच वेळा वरखाली होणार असेल, किंवा रविवारी, सुट्टीला, माल आला नाही म्हणून उभी असेल, तर तेवढ्यात बॅटरी भरलेली राहते. सल्फेट जमायला वेळच मिळत नाही.

पहिल्यांदा आम्ही पॅनल वरच्या प्लॅटफॉर्मच्या रेलिंगला क्लॅम्पने बांधले. दिसायला मस्त, फोटो पण काढले. आणि इथे चूक माझी आहे, हे मी स्पष्ट सांगतो. पॅनल म्हणजे वाऱ्याला शीडच. लिफ्ट वर गेल्यावर सड्यावरचा वारा त्यावर बसला तर पूर्ण मशीन कलंडायला बघेल, आणि बऱ्याच लहान लिफ्ट तर बाहेरच्या वाऱ्यासाठी बनवलेल्याच नसतात, आधी मशीनवरच्या माहितीच्या पाटीवर वाऱ्याची मर्यादा लिहिलीय का ते वाचायचं. लिफ्ट तपासायला आलेल्या साहेबांनी ते बघितलं आणि एकच वाक्य बोलले, आधी हे उतरवा. उचलण्याच्या यंत्रांची सक्षम व्यक्तीकडून वेळोवेळी तपासणी लागते, ती उगाच नाही ठेवलेली. मशीनवर काहीही कायमचं बसवायचं असेल तर बनवणाऱ्या कंपनीची लेखी परवानगी घ्यायची. बॅटऱ्या बदलून हलक्या लिथियम टाकायच्या असल्या तरी तेच, कारण या चार बॅटऱ्या शंभर किलोच्या वर भरतात आणि ते वजन तळाशी आहे म्हणून लिफ्ट पाय रोवून उभी राहते.

मग पॅनल जमिनीवर आले. ही बघा ॲल्युमिनियमच्या अँगलची घडीची फ्रेम, दक्षिणेकडे तोंड करून थोडी तिरकी, पायावर जांभ्याचे दोन दोन चिरे ठेवलेत. मशीनला परवानगी घेऊन फक्त एवढाच चार्ज कंट्रोलर बसवलाय, पॅनलची वीज बॅटरीला बेताने देणारा, डबीएवढा, बॅटरीच्या ट्रेजवळ. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरावर फ्यूज, वायर चावीच्या स्विचमधून नाही तर थेट बॅटरीवर, म्हणजे चावी काढली तरी चार्जिंग चालू. दोन पॅनल सिरीजमध्ये, छत्तीस व्होल्टच्या आसपास, कंट्रोलर एमपीपीटी, म्हणजे पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा, तो हे व्होल्ट खाली उतरवून बॅटरीला हवं तेवढं देतो. जोडताना आधी बॅटरी मग पॅनल, काढताना उलटं.

पॅनल आणि कंट्रोलरच्या मध्ये हा अँडरसन प्लग आहे, ओढला की सुटणारा. लिफ्टचा स्वतःचा चार्जर लावला की बऱ्याच लिफ्ट हलतच नाहीत, तशी सोय असते, पण सोलर थेट बॅटरीवर असल्यामुळे मशीनला ते कळत नाही. एकदा नवीन पोराने केबल न काढता लिफ्ट पुढे घेतली. प्लग ओढला गेला, सुटला, ना वायर तुटली ना फ्रेम पडली. त्यासाठीच तो तिथे आहे.

आणि एक सेन्सर आहे तापमानाचा, त्यात पैसे वाचवू नका. मे महिन्यात ट्रे चाळीसच्या वर जातो. पंचवीस अंशाच्या हिशेबाने सेट केलेला व्होल्टेज तेव्हा जास्तच होतो, चोवीस व्होल्टच्या सेटला अर्धा-पाऊण व्होल्ट कमी करावा लागतो, नाहीतर बॅटरी पाणी उकळवत बसते. डिस्टिल्ड वॉटर तरी आठवड्याला बघावंच लागतं, आणि ट्रेचं झाकण बंद ठेवून चार्ज करायचं नाही, हायड्रोजन निघतो.

पण कोकणात खरी लढाई खाऱ्या वाऱ्याशीच आहे. मिरकरवाड्याच्या बंदराजवळ एक काम होतं, गणपतीनंतर पॅनलचा प्लग उघडला तर आतली पिन हिरवी, बोट लावलं तर पूड निघाली. तेव्हापासून प्रत्येक जोडावर पेट्रोलियम जेली, स्टेनलेसचे नटबोल्ट, आणि काचेवर मिठाचा पातळ थर बसतो तो दर चार दिवसांनी गोड्या पाण्याने पुसायचा. काचेवर ओलं बोट फिरवून जिभेला लावा, खारट लागतं.

पावसात काय? जुलैच्या काळ्या ढगांत उन्हाळ्याचा पाचवा हिस्सा पण मिळत नाही कधी कधी. म्हणून आगोटीच्या, म्हणजे पाऊस सुरू व्हायच्या, आधी फ्रेम गुंडाळून शेडमध्ये, आणि चार महिने लिफ्टला साधा चार्जर.

आज डिसेंबर आहे, आभाळ साफ. कंट्रोलरवर आकडा बघा, २७.४, म्हणजे बॅटरी भरली, आता नुसती सांभाळतोय. वॉचमन काका आत झोपलेत, जनरेटर गावात आहे. उद्या सकाळी ही लिफ्ट लोट्याच्या साइटला जायचीय, फ्रेमचे चिरे तेवढे टेम्पोत टाकायचे राहिलेत.