टेपला पडलेला झोळ

मंडळी, नमस्कार.

संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी फोनवर सांगितलं होतं, ‘दुकानातल्या टेबलावरची लढाई’. पत्रिकेत छापून आलं ‘युद्धनीती’. त्यामुळे जे खरोखर युद्धनीती ऐकायला आले असतील ते आत्ता उठून गेले तरी मला राग येणार नाही. नाशिकरोड-देवळालीकडे तोफखान्यातली इतकी जाणती माणसं राहतात, की त्यांच्यापुढे माझ्यासारख्या बँकेत खातेवह्या जुळवून निवृत्त झालेल्या माणसाने या विषयावर तोंड उघडूच नये.

तुमच्यापैकी बहुतेकांनी दिवाळीत किल्ला केला असेल. गोणपाट चिखलात बुडवायचं, विटांवर अंथरायचं, अळीव पेरायचे, वर महाराज आणि खाली पायऱ्यापायऱ्यांवर मावळे. आणि मग? मग नुसतं बघत बसायचं. मावळे चार दिवस जागचे हलायचे नाहीत. माझी ही लहानपणची तक्रार होती. ती अठ्ठावन्नाव्या वर्षी मिटली.

भाच्याला विमानाचं मॉडेल घ्यायला म्हणून कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीतल्या एका दुकानात गेलो होतो. खाली खोकी आणि रंगाच्या बाटल्या, वर पोटमाळ्यावर तीन टेबलं. सहा बाय चारचं प्लाय, फोमचे डोंगर, पुठ्ठ्याची पडकी घरं, भांडी घासायच्या स्क्रबची झुडपं. नदीला छान निळा रंग दिलेला. गोदावरी बघून दिला असता तर तो निळा नक्कीच झाला नसता. आणि त्यावर दोन सैन्यं. एकेक शिपाई पायापासून डोळ्यांपर्यंत साधारण २८ मिलिमीटर. दोन मुलं टेप घेऊन ते शिपाई पुढे सरकवत होती. मावळे हलत होते! भाचा विमान घेऊन घरी गेला, मी तिथेच राहिलो.

खेळ सांगतो. जगात सगळ्यात जास्त चालतो तो इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमच्या कंपनीचा, वॉरहॅमर. पहिला १९८३ चा, आणि अंतराळातल्या लढायांचा १९८७ चा. बुद्धिबळासारखा पट नाही, चौकोनी घरं नाहीत. शिपाई सहा इंच चालतो तर सहा इंच मोजून चालवायचा. गोळीबार फाशांवर. समजा माझ्या १८ गोळ्या सुटल्या. तीन किंवा वर पडलं तर लागली, म्हणजे सरासरीने १२ लागल्या. लागलेलीने जखम व्हायला चार किंवा वर पाहिजे, सहा उरल्या. आता समोरचा आपले फासे टाकतो. पाच किंवा वर पडलं की चिलखताने वाचवलं. सहातले दोन वाचले, चार मेले. हा झाला हिशेब. प्रत्यक्षात कधी एकही मरत नाही, आणि मग आपण फाशाकडे असे बघतो जसा तो शकुनीच्या घरून आलाय.

रंगकाम हा वेगळाच संसार आहे. शिपाई करडे, तुकड्यातुकड्यांत येतात. चिकटवायचे, अस्तर मारायचं, रंगवायचे. जुलैत नाशिकच्या दमट हवेत मी स्प्रेचं अस्तर मारलं आणि दहाच्या दहा शिपायांवर रवा भुरभुरल्यासारखे दाणे आले. आता पावसाळ्यात ते काम बंद. रंगाचे हात दोन द्यायचे, पण पातळ. जाड एका हातात चेहऱ्याचं नाकच बुजतं. डोळे शेवटी. गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करणाऱ्याला वेगळा मान का असतो, ते मला शून्य नंबरचा ब्रश हातात धरल्यावर कळलं. माझे अर्धे शिपाई तिरळे आहेत. नेम का चुकतो, याला हे एक कारण.

आता मला ज्यावर बोलायचंय ते. आमच्या दुकानात तोफखान्यातून निवृत्त झालेले एक सुभेदारसाहेब नातवाला घेऊन येतात. पहिल्या दिवशी हात मागे बांधून तासभर बघत उभे होते. मग विचारलं, “पंच कोण?” म्हटलं, पंच नसतो. ते म्हणाले, “असं कसं? आमच्याकडे वाळूवर मॉडेल असायचं. साहेब काठी लावून म्हणायचे, तू मेलास, की मेलो.”

त्यांचा प्रश्न फार जुना आहे. प्रशिया या जुन्या जर्मन राज्यात रायस्वित्झ नावाच्या बापाने १८१२ साली राजाला असाच एक टेबलावरचा खेळ करून दाखवला. मुलाने १८२४ मध्ये तो सुधारून नकाशावर आणला. एकास आठ हजार प्रमाणाचा नकाशा, लाल-निळ्या पट्ट्या, एक डाव म्हणजे दोन मिनिटांची लढाई. त्यात पंच हाच कणा होता. खेळाडूंनी हुकूम लिहून द्यायचे, कोणाला काय दिसलं ते पंचाने सांगायचं. नियम इतके वाढले, की १८७६ मध्ये व्हेर्दी द्यु व्हेर्न्वा या अधिकाऱ्याने बहुतेक तक्ते बाजूला ठेवले आणि निकाल पंचाच्या अनुभवावर सोडला. सुभेदारसाहेबांची काठी तिथून आलेली.

१९१३ मध्ये एच. जी. वेल्स या लेखकाने शिशाच्या शिपायांसाठी घरगुती नियम छापले. पायदळ एक फूट, घोडदळ दोन फूट, आणि स्प्रिंगची खेळण्यातली तोफ. लाकडी गोळी लागून पडला तो मेला. वादच नाही! वॉरहॅमरच्या सुरुवातीच्या पुस्तकांतसुद्धा तिसरा माणूस धरलेला होता, खेळ चालवणारा. पुढच्या आवृत्त्यांत तो गेला. उरले दोघे, आणि एक नियम असा, की मतभेद मिटलाच नाही तर फासा टाका आणि पुढे चला.

कागदावर हे ठीक. टेबलावर काय होतं ते सांगतो. समोर अकरावीतला मुलगा. माझी तुकडी त्याच्या सरदारावर धावून जाणार. त्यासाठी दोन फासे टाकतात. पाच आणि चार, नऊ इंच. मी घरच्या शिलाई मशीनवरचा कापडी टेप आणला होता. लावला, तर सव्वानऊ. पाव इंचाने हुकलं. मी “राहिलं” म्हणून टेप गुंडाळायला लागलो. मुलगा खाली वाकला, डोळे टेबलाच्या पातळीला आणले आणि म्हणाला, “काका, थांबा. टेपला झोळ पडलाय. ताणून धरा.” एक टोक त्यानेच धरलं. बरोबर नऊ. “पोचताय तुम्ही.”

सरदार त्याचा होता. पंच असता तर सव्वानऊच लिहून घेतला असता, कारण तक्रार करायचं कोणाला काहीच कारण नव्हतं. मी धावून गेलो. त्याच्या सरदाराने माझे पाचही जण कापले, हा भाग वेगळा.

सध्या आम्ही रामशेज करतोय. पेठ रस्त्यावरचा आपला रामशेज किल्ला, जो १६८२ पासून पाच वर्षांहून अधिक काळ मोगलांना दाद देत नव्हता. मोगलांचा इतिहास लिहिणारा खाफीखान लिहितो, की गडावर लोखंडी तोफा नव्हत्या. म्हणून लाकूड पोखरून त्यावर कातडं चढवून तोफा केल्या होत्या. खालून मोगलांनी लाकडाचा उंच दमदमा, म्हणजे माऱ्यासाठीचा मनोरा, उभारला. हे सगळं टेबलावर आणताना रोज भांडण. लाकडी तोफेला किती फासे द्यायचे? कड्याची उंची सरळ मोजायची की उतारावरून? परवा मुलगा म्हणाला उतारावरून, मी म्हणालो सरळ, फासा टाकायची वेळ आली. सुभेदारसाहेबांनी फासा उचलून खिशात घातला. “जागा बघितलीय का कोणी तुमच्यातल्या?” दोघेही गप्प. तर येत्या रविवारी सकाळी सहाला आम्ही तिघं गडावर चाललोय. टेप मुलगा आणणार आहे. माझा आणू नका म्हणालाय.