रात्रीची गोळी

एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, समुपदेशक म्हणून बसायचं म्हणजे बरंचसं गोळ्या मोजायचं काम. महिन्याच्या तीस गोळ्या. पेशंटने परत आणलेल्या बाटलीत हिशेबापेक्षा जास्त उरल्या, की आम्ही विचारायचो, ‘का चुकवल्या?’ उत्तर ठरलेलं: ‘गावाला गेलो होतो, विसरलो.’

एका ताईंच्या बाटलीत अकरा जास्त निघाल्या. त्या विसरणाऱ्यातल्या नव्हत्या. बराच वेळ गप्प बसून म्हणाल्या, ‘मॅडम, आमचे मालक येतात. रोज रात्री. विहिरीच्या काठावर उभे राहून हाक मारतात. अंगातला शर्टसुद्धा ओळखू येतो.’ नवरा याच आजाराने गेलेला. घरच्यांनी देवऋषीकडे नेलं, त्याने सांगितलं, तो तुला न्यायला येतोय. आता सांगा, अशी बाई रात्री झोपेल का? ती जागीच राहायची. आणि जागं राहायचं म्हणून गोळी टाळायची, कारण ती घेतली की झापड येते.

ही स्वप्नं पडत होती गोळीतल्या इफाविरेन्झमुळे. हे औषध 1998 पासून वापरात आलं. आपल्याकडे सरकारी केंद्रांतून मोफत एआरटी 1 एप्रिल 2004 ला सुरू झाली आणि पुढे कितीतरी वर्षं टेनोफोविर आणि लॅमिव्युडिन या एचआयव्हीवरच्याच दोन औषधांच्या जोडीने इफाविरेन्झ एकाच गोळीतून दिलं जायचं. हे औषध मेंदूपर्यंत पोचतं. चक्कर येते, डोकं जड होतं, आणि स्वप्नं इतकी खरी पडतात की माणूस उठून दार उघडून बघतो. म्हणूनच गोळी झोपताना, रिकाम्या पोटी घ्यायला सांगत. तेलकट-तुपकट खाऊन घेतली तर औषध रक्तात जास्त उतरतं. जत्रेतलं मटण खाऊन गोळी घेतलेल्याची ती रात्र कशी गेली, हे मी बऱ्याच जणांकडून ऐकलंय! शिवाय काहींच्या यकृतात हे औषध जन्मतःच सावकाश पचतं. त्यांना त्रास जास्त.

बहुतेकांचा त्रास दोन-चार आठवड्यांत उतरतो. पण ते दोन-चार आठवडे काढायचे कसे, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. आणि मनानेच गोळी बंद करण्यातली मेख अशी, की इफाविरेन्झ रक्तात बरेच दिवस रेंगाळतं. म्हणजे आज गोळी टाळली तरी आजचं स्वप्न टळेलच असं नाही, उलट विषाणूला त्या उरलेल्या औषधाला सरावायला सवड मिळते. उदास वाटत असेल, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल, तर मात्र महिना संपायची वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं.

चूक आमचीही होती. आम्ही ताप विचारला, जुलाब विचारले. स्वप्न ही दवाखान्यात सांगायची गोष्ट आहे, असं कुणालाच वाटत नव्हतं. त्या दिवसापासून बाटली उघडायच्या आधी मी विचारायला लागले, ‘झोप कशी लागते?’

2020 नंतर इफाविरेन्झच्या जागी डोल्युटेग्राविर या औषधाची गोळी आली. तिच्यानेही काहींची झोप उडते, मग ती सकाळी घेतात. त्या ताईही नव्या गोळीवर गेल्या. पुढच्या खेपेला म्हणाल्या, ‘मॅडम, आता ते दिसतच नाहीत.’ ही तक्रार होती की सुटका, मला नीट उमगलं नाही. मी कार्डावर लिहिलं, ‘झोप बरी.’